एक मानवजात, एक मंडई

सन २९४१च्या आश्विन अखेरीस बपेऱ्याच्या ग्रामपंचायतीत आलेला आदेश चाळीस प्रकाशवर्षं अंतर कापून आला होता, आणि तरीही त्यावर गावाचं नाव चुकलेलं होतं. मजकूर एकाच वाक्याचा. मानवानं वसवलेल्या दोनशे अकरा ग्रहांवरच्या सर्व गावांची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, यंदापासून एकाच दिवशी, दिवाळीनंतरच्या अकराव्या दिवशी भरेल. वर ठळक अक्षरात घोषवाक्य होतं, 'एक मानवजात, एक मंडई'. खाली सही, सहीखाली शिक्का आणि शिक्का खरा असल्याची दुसरी सही.

सरपंच धनीरामनं तो पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांत गोमाजी होता. वय एकाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मागं धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची चार खाचरं, आणि एकुलती एक लेक, दामिनी. तिला तिसऱ्या लाखांदूरला दिली होती. पहिलं लाखांदूर भंडारा जिल्ह्यात, दुसरं मंगळावर आणि तिसरं अकरा प्रकाशवर्षं दूरच्या एका पिवळसर सूर्याभोवती. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला तेव्हा त्याला नवी नावं सुचली नाहीत, हे इतिहासात नोंदवलेलं आहे.

"अकराव्या दिवशी?" गोमाजी म्हणाला. "आपली तं नवव्या दिवशी असते."

"यंदा अकराव्या."

"अन् पिंपळबोडीची?"

पिंपळबोडी हे तिसऱ्या लाखांदूरवरचं दामिनीच्या सासरचं गाव. तिथली मंडई चौदाव्या दिवशी असायची.

"त्यायचीबी अकराव्या," धनीराम म्हणाला. "साऱ्यायचीच अकराव्या. तेच तं लिवलं आहे."

गोमाजीनं बोटांवर दिवस मोजले. त्याच्या शेजारी पंचफुला बसली होती, जी गावात कधीच गप्प राहिली नव्हती. ती म्हणाली, "अवो, मंग आपल्याकडं येईन कोण?"

प्रश्न बिनतोड होता. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की या भागात गावोगाव मंडई भरते. दंडार, म्हणजे लोकनाट्य, होते, शिंगाडे आणि ऊस विकायला येतात, पोरीबाळी दाखवल्या जातात. पण मंडईचं खरं मर्म तिच्या तारखेत आहे. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. आज तुम्ही आमच्याकडे, परवा आम्ही तुमच्याकडे. गोंदिया वेगळा होऊन नऊशे बेचाळीस वर्षं झाली, तरी तिकडच्या गावांच्या तारखा इकडे अजून तोंडपाठ होत्या. जिल्हे फुटले, ग्रह वाढले, तारखा हलल्या नाहीत.

मंडई साऱ्या मानवजातीची कशी झाली, यामागं कारण होतं. परग्रहावर पहिलं पीक धानाचं आलं, म्हणून धान लावणारी माणसं आधी गेली. त्यांनी तिथं बांध घातले, मग बांधावरून भांडणं केली आणि मग मंडई भरवली. पुढं ताऱ्यांदरम्यान झेप घेणाऱ्या झेपयानांत गर्दी वाढली तेव्हा सरकारनं सामान्य कुटुंबाला वर्षातून एकच पाहुणा परवाना द्यायचं ठरवलं, तोही मंडईसाठी. परवाना मंडईशिवाय मिळत नाही म्हटल्यावर ज्यांच्या पूर्वजांनी धान डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तेही मंडई भरवू लागले. दोनशे वर्षांत ही प्राचीन मानवी परंपरा असल्याचं सिद्ध करणारे सात प्रबंध लिहिले गेले.

दामिनी अकरा वर्षांत एकदाही माहेरी आली नव्हती. कधी बाळंतपण, कधी सासऱ्याचं आजारपण, कधी सासूचा गुडघा. यंदा तरी ती येईल या आशेवर गोमाजीही तिकडं गेला नव्हता. आईच्या वेळीही तिला येता आलं नव्हतं. निरोप पोचला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. यंदा मात्र तिनं कळवलं होतं, "बाबा, बपेऱ्याच्या मंडईले नक्की येतो. सासूबाईबी येऊन राहिल्या." गोमाजीनं भिंती सारवल्या होत्या, खाटेची दोरी बदलली होती, परसात कोचई, म्हणजे अळू, लावली होती. दामिनीला कोचईची भाजी आवडायची आणि तिसऱ्या लाखांदूरच्या मातीत कोचई निळी यायची.

आता अकराव्या दिवशी दामिनी तिच्या गावच्या मंडईत पाहुण्यांची वाट बघत बसणार होती. गोमाजी त्याच्या.

*

गोमाजी, धनीराम आणि पंचफुला असे तिघं भंडाऱ्याला गेले. जिल्हा कचेरीत उत्सव समन्वयाचं टेबल अश्विनकडं होतं. पस्तिशीचा, साकोलीकडचा, कामाला चोख आणि म्हणून सदैव त्रासलेला माणूस.

"काका, आदेश वरून आला आहे," तो म्हणाला.

"किती वरून?"

"चाळीस प्रकाशवर्षं."

"तिथं कोणी मंडई पाह्यली आहे का?" पंचफुलानं विचारलं.

"तिथं गावच नाही, मावशी. ते अंतराळस्थानक आहे. सारी कार्यालयंच आहेत."

"तरीच."

अश्विननं आदेशामागचं कारण समजावून सांगितलं. दिवाळीनंतरचे चाळीस दिवस साठ कोटी माणसं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पाहुणी म्हणून जात होती. यानं अपुरी पडत होती. अभ्यास समिती नेमली. समितीनं चार वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की मंडया वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळेच माणसं एकमेकांच्या मंडईला जातात. सगळ्या एका दिवशी ठेवल्या तर गर्दीचं मूळच नाहीसं होईल.

"हे तं खरं आहे," गोमाजी म्हणाला.

"खरं आहेच," अश्विन म्हणाला. "आकडे तपासले मी."

"मंग मंडई कायले पायजे?"

अश्विननं टेबलावरचे कागद सरळ केले. ते सरळच होते. "हरकत नोंदवता येते, काका. अर्ज यानानं जाईल. सुनावणीची तारीख लागेल. सध्या एकोणिसशे साठ अर्ज पुढं आहेत. अंदाजे सव्वीस वर्षं."

"मी एकाहत्तरचा आहो, साहेब."

"वारस अर्ज चालवू शकतात. तशी तरतूद आहे."

"वारस अकरा प्रकाशवर्षं दूर आहे. तिलेच तं बोलवाचं आहे!"

अश्विननं दाराकडं एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, माझ्या बायकोचं माहेर बुधाच्या कक्षेत आहे. आदेश वाचून तिनं तीन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. मीच काढला म्हणते. मी काय करू, सांगा तुम्हीच."

 अश्विननं तिघांना चहा पाजला. चहाच्या बाबतीत वरून कोणताही आदेश नव्हता.

*

युक्ती गोमाजीला एसटीत सुचली. एसटी आता जमिनीपासून हातभर वर तरंगायची, पण वेळेवर यायची नाही. तुमसरच्या पुढं एका फाट्यावर ती तासभर तरंगत उभी राहिली आणि गोमाजीला विचार करायला निवांत वेळ मिळाला.

मंडई त्याच दिवशी असेल तर असो. पाहुणे आपल्याकडं येत नाहीत, तर आपणच पाहुणे व्हावं. पाहुणा परवान्यावर गाव आणि तारीख असते. आपली मंडई सोडून दुसऱ्याच्या मंडईला जाऊ नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तसं कोणी करेल हे समितीच्या ध्यानातच आलं नसावं. आपल्या गावची मंडई सोडणारा माणूस त्यांनी आकडेवारीत कधी बघितला नव्हता.

त्यानं ही गोष्ट फक्त पंचफुलाला सांगितली. घरी पोचेपर्यंत ती साऱ्या गावाला माहीत झाली होती.

"म्हणजे आपण समदे पिंपळबोडीले जायचं?" धनीरामनं विचारलं. बपेऱ्याच्या निम्म्या लेकी पिंपळबोडीला दिलेल्या होत्या आणि तिथल्या निम्म्या सुना बपेऱ्याच्या होत्या. त्यामुळं कुठं जायचं यावर वाद नव्हता. "अन् इथली मंडई?"

"मंडप टाकू. भोंगा लावून देऊ. वरचे पाहून राहिले तं त्यायले आवाज गेला पायजे."

"अन् माणसं?"

"माणसं मोजायले कोण येऊन राहिलं? सारे आपापल्या मंडईत राहीन."

ठराव एकमतानं झाला, आणि तो कुठंही लिहिला गेला नाही. दामिनीला कळवावं असं गोमाजीच्या मनात आलं, पण झेपयानापेक्षा वेगानं काहीच जात नाही. निरोपही यानातूनच जातो. आपणही त्याच यानानं जाणार, मग निरोप आपल्याच पिशवीत घेऊन जायचा काय? शिवाय बाप अचानक दारात उभा राहिल्यावर लेकीचं तोंड कसं होतं, ते त्याला बघायचं होतं.

आठवड्याभरानं तुमसर रोडच्या यानतळावर बपेऱ्याची आठशे बारा माणसं जमली. गठुडी, पिशव्या, वड्यांचे डबे, एक कोंबडा. गोमाजीच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोचई होती. तळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पवनीकडचे, मोहाडीकडचे, थेट जुन्या लाखांदूरचेसुद्धा लोक रांगा लावून उभे होते आणि प्रत्येकाच्या कमरेला घराची किल्ली लटकत होती.

"एवढे लोक कायले चालले असतीन?" धनीराम म्हणाला.

"असन काही काम," गोमाजी म्हणाला. त्याचं लक्ष कोचईवरून उडालेलं फडकं नीट करण्याकडं होतं.

*

झेपेला तीन दिवस लागतात. मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी बपेऱ्याची माणसं पिंपळबोडीच्या वेशीत शिरली. डोक्यावर पिवळा सूर्य, दिवसाही दिसणारे दोन चंद्र, आणि खाली तेच बांध, तीच पाण्याची बोडी, तीच धानाची वाकलेली लोंबं. मंडप घातलेला होता. भोंग्यावर दंडारीची गाणी जोरात लागली होती. माणूस मात्र कुठं दिसत नव्हतं.

मंडपात एका खाटेवर एक म्हातारा पाय पसरून बसला होता. गुडघ्याला पट्टी होती. तो सोमाजी, गावचा राखणदार.

"राम राम," गोमाजी म्हणाला. "गाव कुठी गेलं, बाप्पा?"

सोमाजीनं भोंग्याचा आवाज कमी केला आणि आठशे बारा माणसांकडं बघितलं. "तुमी कुठले?"

"बपेऱ्याचे."

सोमाजी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, पंचफुलानं त्याला पाणी दिलं, ते पिऊन तो पुन्हा हसला. "गाव तुमच्याचकडं गेलं ना, भाऊ! काय म्हणे, आदेश आला, पाहुणे येणार नाहीत, तं आपणच बपेऱ्याले जाऊ. भोंगा लावून गेले. मले म्हणे आवाज चालू ठेव, वरचे पाहून राहिले."

 मग पंचफुला खाली बसली आणि म्हणाली, "गोमाजी भाऊ, तुमची युक्ती लई चांगली होती. दोनशे अकरा ग्रहायले सुचली."

पुढं उघड झालेली आकडेवारी अशी. त्या दिवशी मानवजातीतल्या सुमारे चौऱ्याऐंशी टक्के गावांनी आपली मंडई सोडून दुसऱ्याची मंडई गाठली. एकाच दिवशी माणसांनी केलेलं इतकं मोठं स्थलांतर इतिहासात दुसरं नाही. लाखो गावांत रिकाम्या मंडपांत भोंगे वाजत होते आणि कुलूपबंद दारांसमोर पाहुणे डबे घेऊन उभे होते.

दामिनीच्या घराची किल्ली बपेऱ्याच्या घरासारखीच दाराशेजारच्या कोनाड्यात होती. गोमाजीनं दार उघडलं. चूल सारवलेली, पोरांच्या वह्या फळीवर, भिंतीवर दामिनीच्या आईचा फोटो, त्याला निघताना घातलेला, आता कोमेजलेला हार. त्यानं तो हार सरळ केला. मग परसात जाऊन त्यानं आणलेली कोचई लेकीच्या मातीत लावून टाकली. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

*

मंडईच्या दिवशी बपेरेकरांनी पिंपळबोडीच्या मंडपात बैठक घेतली. प्रश्न सोपा होता आणि म्हणूनच सुटत नव्हता. परवान्यावर परतीची दोनच यानं होती. पहिलं उद्या, दुसरं त्यानंतर आठ दिवसांनी. तुमसर रोडहून इकडं येणारी यानंही त्याच दिवशी, त्याच वेळी सुटणार होती. दोन्हीकडचे लोक उद्याच निघाले तर वाटेत एकमेकांना ओलांडून जाणार. दोन्हीकडचे थांबले तर शेवटच्या यानात तसंच होणार. एकानं निघायचं आणि दुसऱ्यानं थांबायचं, तरच भेट. आणि कोणी काय ठरवलं हे दुसऱ्याला कळवायची सोय माणसानं ताऱ्यांवर जाऊनही केलेली नव्हती.

"आपण थांबू," धनीराम म्हणाला. "घरमालक घरी नसतानी पाहुण्यानं निघू नाही. ते येतीन."

"तेबी हेच म्हणत असतीन," पंचफुला म्हणाली. "तेबी आपले पाहुणेच आहेत ना!"

"ते हुशार आहेत. ते म्हणतीन, बपेऱ्याचे थांबले असतीन, आपण जाऊ."

"मंग आपण हुशार नाही का? आपणबी तेच म्हणू, अन् निघू. होऊन जाईन चुकामूक."

असं दुपारपर्यंत चाललं. सोमाजी भोंगा बंद करून ऐकत होता; एवढी चांगली मंडई त्यानं बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. शेवटी हात वर करून मतं घेतली. थांबायच्या बाजूनं सातशे छप्पन्न हात पडले.

गोमाजीनं हात वर केला नव्हता. तो गावाचा विचार करतच नव्हता. तो फक्त दोन बायकांचा विचार करत होता. दामिनीचा, आणि तिच्या सासूचा, शकुंतलाबाईचा.

दामिनी कशी वागेल हे त्याला सांगता येत नव्हतं. अकरा वर्षांत माणूस बदलतं. शकुंतलाबाई मात्र बदलणाऱ्यांतली नव्हती. लग्नात नारळाची शेंडी चुकीच्या बाजूला होती म्हणून तिनं वरात पाऊण तास अडवून धरली होती. सून माहेरी गेली की तिची बोळवण व्हायलाच पाहिजे. माहेरच्या माणसानं तिची ओटी भरायची, लुगडं द्यायचं, वेशीपर्यंत पोचवायचं, तेव्हा ती निघायची. रिकाम्या ओटीनं सून परत आणली तर चार घरांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे शकुंतलाबाईचं आयुष्यभराचं मत. आणि आता बपेऱ्यात दामिनीची ओटी भरायला माहेरचं कोण होतं? कोणीच नव्हतं. मग शकुंतलाबाई निघणार कशी? साऱ्या गावानं यान पकडलं तरी ती उंबऱ्यावर फतकल मारून बसेल.

"मी उद्या जातो," गोमाजी उठून म्हणाला.

"अगा, मत झालं ना!" धनीराम म्हणाला. "साऱ्यायनं ठरवलं."

"ठरवा तुमी. माही विहीण ठरावानं चालत नाही."

पंचफुलानं त्याच्याकडं नीट बघितलं. "अन् ती निघाली असन तं? चुकामूक होईन, भाऊ. एक वरीस जाईन. तुमचं वय..."

"माहीत आहे मले माहं वय."

*

पहिल्या यानात गोमाजीसोबत पन्नासेक माणसं होती. दीड दिवसानंतर यानात एक घंटा वाजली. समोरून येणारं यान ओलांडलं की ती वाजते. खिडकीतून काही दिसत नाही, झेपेत काळोखसुद्धा नसतो. गोमाजी तरी खिडकीला तोंड लावून बसला. त्या यानात दामिनी असेल, तर या घटकेला ती त्याच्यापासून हाताच्या अंतरावरून उलट दिशेला चालली होती.

तुमसर रोडला उतरल्याबरोबर त्यानं यानतळावरच्या माणसाला विचारलं, "पिंपळबोडीचं यान गेलं का हो? कसं गेलं?"

"भरून गेलं, काका. उभं राहायले जागा नव्हती. आख्खं गाव चढलं."

गोमाजी बाकावर बसला. मग एसटी आली, उशिरा आली, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की ती आणखी उशिरा आली असती तर बरं झालं असतं.

बपेऱ्याच्या फाट्यावर उतरून तो गावाकडं चालत निघाला. मंडप उभा होता, भोंगा कोणीतरी बंद केला होता. घरं बंद. त्याच्या गल्लीत वळल्यावर त्याला धूर दिसला. धूर त्याच्याच घरातून निघत होता.

ओसरीवर, नव्या दोरीच्या खाटेवर, शकुंतलाबाई बसली होती. पाठ ताठ, डोक्यावर पदर.

"आले का, व्याही?" ती म्हणाली. "पाच दिवस झाले आमाले येऊन. तुमच्या घरी तुमच्याच चुलीवर आमीच चहा करून पिऊन राहिलो. अशी असते का मंडई?"

"चुकलं, विहीणबाई."

"गाव निघालं तवा मले म्हणे चला. मी म्हणलं, सुनेची बोळवण झाल्याबिगर मी पाऊल उचलणार नाही. सरपंच हात जोडून गेला. पोरगा लेकरायले घेऊन गावासंगं गेला. मी उठलीच नाही."

"माहीत होतं मले," गोमाजी म्हणाला. 

आतून दामिनी बाहेर आली. हाताला पीठ, कपाळावर एक पांढरी बट, जी अकरा वर्षांपूर्वी नव्हती. ती दारातच थांबली. गोमाजीनं जे तोंड बघण्यासाठी अकरा प्रकाशवर्षं उलटसुलट केली होती, ते आता त्याच्यासमोर होतं, आणि त्याला ते नीट दिसत नव्हतं.

"बाबा, तुमी तिकडं गेल्ते?"

"गेल्तो."

"मी तुमच्या परसातली कोचई सारी रांधून टाकली."

"मी तुह्या परसात लावून आलो."

ती हसली, आणि मग रडली. शकुंतलाबाईनं दोन्ही गोष्टींना पुरेसा वेळ दिला.

त्याच दिवशी भंडाऱ्याच्या कचेरीतून अश्विनचा अहवाल वर रवाना झाला. त्यात लिहिलं होतं की आदेशाची अंमलबजावणी शंभर टक्के झाली, जिल्ह्यातली प्रत्येक मंडई अकराव्या दिवशी भरली, आणि कोणत्याही मंडईत गर्दी आढळली नाही. अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तो वर पोचल्यावर योजना आणखी दहा वर्षं वाढवण्यात आली, आणि अश्विनला प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यानं बायकोला दाखवलं नाही.

"शेवटच्या यानाले अजून पाच दिवस आहेत," गोमाजी खाटेच्या कडेला टेकत म्हणाला. प्रवासानं त्याचे पाय सुजले होते.

"बसता कायले?" शकुंतलाबाई म्हणाली. "यजमान तुमी आहात, पाहुणे आमी. पाच दिवसांत कोणी आमाले पाय धुवायले पाणी दिलं नाही."

गोमाजी उठला. बादली घेतली आणि विहिरीकडं निघाला.

"दोन आणा," मागून शकुंतलाबाईचा आवाज आला. "तिलेबी धुवायचे आहेत."